ग्रिगोरी सोकोलोव्ह: स्टुडिओत न जाणारा पियानोवादक आंतरजालावर ऐकताना

तीव्रमध्यम (धागाकर्ता)

रशियन पियानोवादकांचे व्हिडिओ बघायला लागलं की दोनचार दिवसांत ग्रिगोरी सोकोलोव्ह समोर येतातच. अंधारलेला रंगमंच, काळ्या कोटातले गंभीर गृहस्थ, आणि रामो नाहीतर कूप्रँ या जुन्या फ्रेंच रचनाकारांची तीन मिनिटांची एखादी चीज. खाली जगभरच्या भाषांत प्रतिक्रिया. गंमत अशी की ही लोकप्रियता त्यांनी मागितलेली नाही. ते स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत नाहीत, मुलाखती टाळतात आणि गेली कित्येक वर्षं ऑर्केस्ट्राबरोबरही वाजवत नाहीत. एकट्याची मैफल, तीही सगळी युरोपात.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात: जन्म १८ एप्रिल १९५०, लेनिनग्राद. १९६६ साली, वयाच्या १६व्या वर्षी मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत पहिला क्रमांक. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष एमिल गिलेल्स होते. पश्चिमेत खरं नाव झालं ते सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर.

अधिकृत आणि सहज मिळणारं असं: ४ नोव्हेंबर २००२ची पॅरिसची मैफल (तेआत्र दे शाँझ-एलिझे, दिग्दर्शक ब्रूनो माँसँजाँ). मग २०१४मध्ये डॉइच ग्रामोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार आणि २०१५च्या सुरुवातीला २००८ची साल्झबुर्गची मैफल प्रकाशित. २०१६मध्ये शूबर्ट आणि बेटहोव्हन, २०१७मध्ये ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलेले दोन जुने कन्चेर्तो (मोत्झार्ट क्र. २३, २००५, रखमानिनोव्ह क्र. ३, १९९५), २०२२मध्ये हायडन. सगळं मैफलीतलं, एकही तुकडा स्टुडिओतला नाही.

आंतरजालावर याच्या कितीतरी पट जास्त सापडतं. रेडिओवरून उतरवलेलं, प्रेक्षकांतून टिपलेलं, चुकीच्या नावांनी चढवलेलं. त्यातलं खरं काय, कुठलं आणि कसं ऐकावं, याची माहिती इथे एकत्र करूया.

---

शेवंती_ब

छान धागा. एक मुद्दा जोडते, कारण लोकप्रियतेशी त्याचा थेट संबंध आहे. ब्रिटनमध्ये ते २००८पासून वाजवत नाहीत. व्हिसासाठी बोटांचे ठसे देण्याचा नियम आला आणि त्यांनी नकार दिला. म्हणजे शास्त्रीय संगीताचा एवढा मोठा इंग्रजी भाषक श्रोतृवर्ग त्यांना प्रत्यक्ष ऐकू शकत नाही. अमेरिकेतही अनेक वर्षं मैफली नाहीत. या लोकांना व्हिडिओशिवाय दुसरा मार्गच उरला नाही. इंग्रजीत जी एवढी चर्चा दिसते ती बऱ्याच अंशी दूर राहिलेल्या श्रोत्यांची आहे.

२००२ ते २०१५ या काळात नवं अधिकृत काही जवळपास आलंच नाही. आणि व्हिडिओची संकेतस्थळं वाढली ती नेमकी त्याच वर्षांत. ती पोकळी श्रोत्यांनी स्वतःच भरून काढली.

---

रीळ_ते_रीळ

"खरं काय आणि कुठलं" याबद्दल सांगतो. एखादी फाइल हाती आली की चार गोष्टी तपासाव्या.

१. वरच्या कंप्रता कुठे तुटतात. स्पेक किंवा ऑडॅसिटी ही दोन्ही फुकट साधनं आहेत. फाइल उघडा, वर्णपट बघा. १५ किलोहर्ट्झला सरळ रेषेत कापल्यासारखं दिसलं तर मूळ बहुतेक एफएम रेडिओ. एफएमवर ध्वनी १५पर्यंतच जातो, १९ किलोहर्ट्झला स्टिरिओचा पायलट स्वर असतो, आणि उतरवून घेताना गाळणी नीट नसेल तर तिथे बारीक आडवी रेघही राहते. १६ला कापलेलं असेल तर १२८ केबीपीएसची एमपी३. मात्र यूट्यूबचा एएसी प्रवाहही साधारण १६लाच कापतो, त्यामुळे तिथल्या ध्वनीवरून निष्कर्ष काढू नका. यूट्यूबचाच दुसरा, 'ओपस' नावाचा ध्वनिप्रवाह २०पर्यंत जातो.

२. विरामात काय होतं. सभागृहातून फोनवर टिपलेलं असेल तर फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. मोठा ठोका आला की दाबतो, शांतता आली की उचलतो. खूण अशी: जोरदार स्वरमेळानंतर विराम आला की सभागृहाची कुजबुज आणि खोकला एखाद्या सेकंदात हळूहळू मोठा होत जातो. असं ऐकू आलं तर त्या फितीवरून सोकोलोव्हच्या लहान-मोठ्या आवाजाच्या श्रेणीबद्दल काहीही बोलू नये. त्यांचं अर्धं वैशिष्ट्य त्या श्रेणीतच आहे आणि फोनने नेमकं तेच सपाट केलेलं असतं.

३. डावा-उजवा. प्रेक्षकांच्या बाजूने पियानो असा असतो की वादकाचा उजवा हात आपल्या जवळ आणि कळपट्टी डावीकडे. अधिकृत ध्वनिमुद्रणात खर्ज आणि तार सप्तक थोडं पसरलेलं ऐकू येतं. दोन्ही कानांत हुबेहूब तेच असेल तर फीत मोनो केलेली आहे.

४. वेग. हा सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. सोव्हिएत काळातल्या गिलेल्स, रिश्टर या पियानोवादकांच्या काही चित्रफिती सेकंदाला २४ चौकटींच्या फिल्मवर आहेत. युरोपीय दूरचित्रवाणीसाठी त्या २५ने चालवल्या की वेग सुमारे ४.२ टक्के वाढतो आणि पट्टी साधारण ७० सेंटने चढते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), म्हणजे अर्ध्या स्वराला थोडी कमी. दुसरी चूक डिजिटल: ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ समजून वाजवली की पट्टी जवळपास दीड अर्धस्वर वर जाते. मग खाली प्रतिक्रिया येतात, "किती अमानुष वेग!" तो वेग वादकाचा नसतो.

दुरुस्ती ऑडॅसिटीत होते. वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा परिणाम निवडा. पहिल्या चुकीसाठी उणे ४.०, दुसरीसाठी उणे ८.१२५ टक्के. फक्त पट्टी बदलणारा परिणाम वापरू नका, त्याने वेग चुकीचाच राहतो आणि आघातांच्या कडा विरघळतात.

---

मंद्रसप्तक

रीळसाहेब, उत्तम. पण पट्टी चढली आहे हे कानाने ओळखायचं कसं? प्रत्येकाला स्वरांची तेवढी जाण नसते.

---

रीळ_ते_रीळ

@मंद्रसप्तक, तानपुऱ्याचं ॲप पुरेसं आहे. रचनेचं नाव आणि स्वर माहीत असला की झालं. रामोची 'ले सोव्हाज' जी मायनरमध्ये आहे. म्हणजे आपली पांढरी पाच. तानपुरा पांढरी पाचला, ४४० हर्ट्झच्या मापाने लावा आणि रचनेचा शेवटचा स्वर त्याच्याशी जुळवून बघा. जुळला तर वेग बरोबर. काळी चारच्या जवळ गेला तर फीत पळते आहे.

दोन सावधगिरी. युरोपातल्या सभागृहांत पियानो ४४२ किंवा ४४३लाही लावतात. ४४० आणि ४४३मधलं अंतर १२ सेंटच्या आसपास, तेवढा फरक दिसला तर तो वेगाचा दोष नव्हे. आणि हे फक्त पियानोसाठी. हीच रचना हार्पसिकॉर्डवर ऐकत असाल तर तिथे बहुधा ४१५ची जुनी पट्टी असते, पूर्ण अर्धा स्वर खाली. तो दोष नाही, ती परंपरा आहे.

---

ओवी_आणि_ओपस

फितीची तारीख ठरवण्याचं एक साधन सोकोलोव्हच्या बाबतीत फार उपयोगी पडतं. ते एका हंगामात ठरावीक कार्यक्रम घेऊन शहरोशहरी फिरतात. आज हे, उद्या ते असं नाही. त्यामुळे एकाच मैफलीतल्या दोन रचना एकत्र सापडल्या की वर्ष बऱ्यापैकी बांधता येतं. (के. हे मोत्झार्टच्या आणि डी. हे शूबर्टच्या रचनांच्या सूचीतले क्रमांक.) मोत्झार्टचे सोनाटे के. २८० आणि के. ३३२, पुढे शोपँची २४ प्रिल्यूड: हा २००८चा संच. शूबर्टची डी. ८९९ आणि डी. ९४६, मग बेटहोव्हनचा 'हॅमरक्लाव्हियर' सोनाटा: २०१३. हायडनचे तीन सोनाटे आणि शूबर्टची डी. ९३५: २०१८.

एन्कोरवरून, म्हणजे मैफल संपल्यावर टाळ्यांच्या आग्रहाखातर वाजवलेल्या चिजांवरून, मात्र तारीख ठरवू नका. बहुधा सहा एन्कोर असतात, जवळजवळ तिसरा भागच म्हणा, आणि त्यातल्या चिजा वर्षानुवर्षं फिरत राहतात. 'ले सोव्हाज' २००८मध्येही आहे आणि पुढेही आहे.

शोधताना होणारे दोन गोंधळ.

एक, नावाचा. व्हॅलेरी सोकोलोव्ह नावाचे व्हायोलिनवादक आहेत, युक्रेनचे, १९८६चा जन्म. त्यांच्यावरही माँसँजाँ यांनीच चित्रपट केला आहे. त्यामुळे आडनाव आणि दिग्दर्शक घालून शोधलं की दोघेही येतात. पूर्ण नाव घाला आणि रशियन लिपीतही एकदा शोधा. रोमन लिपीत पहिलं नाव निदान तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं, प्रत्येकाचे निकाल वेगळे.

दुसरा, हायडनच्या क्रमांकांचा. हा खरोखर डोकेदुखीचा आहे. त्याच्या सोनाट्यांना दोन क्रमवाऱ्या आहेत, होबोकेनची आणि लँडनची. २०२२च्या त्या संचात लँडन ३२ आहे, म्हणजे होबोकेन ४४, जी मायनर. आणि त्याच संचात होबोकेन ३२ही आहे, म्हणजे लँडन ४७, बी मायनर. नुसतं "हायडन ३२, सोकोलोव्ह" असं लिहिलेली फीत या दोन्हींपैकी कुठलीही असू शकते. तिसरा सोनाटा होबोकेन ३६, लँडन ४९, सी शार्प मायनर. क्रमांकावर विसंबू नका, स्वर बघा.

---

तीव्रमध्यम

@ओवी_आणि_ओपस, हे सोन्यासारखं आहे. शूबर्टच्या बाबतीतही ओपस ९० आणि डी. ८९९ एकच, ओपस १४२ आणि डी. ९३५ एकच, हे नवीन श्रोत्यांनी लिहून ठेवावं.

---

कळपट्टी

सगळ्यांत जास्त फिरणाऱ्या तुकड्याबद्दल, म्हणजे 'ले सोव्हाज'बद्दल, थोडं विस्ताराने लिहिते. कारण "हे एवढं स्पष्ट कसं वाजतं" हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली असतो आणि उत्तर कुणी देत नाही.

रचना १७२०च्या दशकातली. १७२५मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर लुइझियानातून आलेल्या मूळ अमेरिकी लोकांचं नृत्य रामोने पाहिलं, त्यावरून ही सुचली. पुढे त्याने ती आपल्या ऑपेरातही वापरली. बांधणी रोंदो: ध्रुवपद, पहिलं कडवं, ध्रुवपद, दुसरं कडवं, ध्रुवपद. आपल्या कानांना हे अजिबात परकं नाही. ध्रुवपद दर वेळी तेच, त्यामुळे वादकाची परीक्षा तिथेच होते. सोकोलोव्ह प्रत्येक परतीला वजन बदलतात, कधी डावा हात पुढे येतो, कधी अलंकार थोडे हलके होतात.

अलंकारांबद्दल. मूळ वाद्य हार्पसिकॉर्ड. तिथे तार छेडली जाते, बोटाच्या जोराने आवाज फारसा लहान-मोठा होत नाही. मग एखाद्या स्वराला उठाव द्यायचा कसा? अलंकाराने. म्हणजे अलंकार ही सजावट नाही, तो आघात आहे. फ्रेंच पद्धतीत दोन प्रकार पक्के ओळखायचे: पँसे मुख्य स्वरावरून खाली जाऊन परततो (जी, एफ शार्प, जी), आणि त्रेंब्लमाँ, म्हणजे कंप, वरच्या स्वरावरून सुरू होतो (ए, जी, ए, जी). दोन्ही मात्रेवर पडले पाहिजेत, मात्रेच्या आधी नाही. शिकणारे बहुतेक जण इथेच चुकतात. अलंकार आधी उरकून घेतात आणि मुख्य स्वर मात्रेवर टाकतात. मग चाल नृत्याची न राहता धापा टाकल्यासारखी वाटते.

सरावाचा क्रम: आधी एकही अलंकार न घेता संपूर्ण रचना, मेट्रोनोमचा ठोका हाफ नोटला ६०. डावा हात स्वतंत्र, तोडून तोडून. मग फक्त ध्रुवपदात अलंकार, तेही एका वेळी एकच आवर्तन. वेग दोन-दोनने वाढवा. मनगट आवळलं की लगेच एक पायरी खाली या, कारण आवळलेल्या हाताने केलेला सराव आवळण्याचाच सराव असतो. पेडल जवळजवळ नाही. सोकोलोव्हचा व्हिडिओ बघून थेट त्या वेगाला हात घालू नये. त्यांची बोटं कळ सोडतात किती लवकर, तिकडे बघा. दाबणं सगळ्यांनाच जमतं.

दुसरं अर्धं उत्तर वाद्यात आहे. ग्रँड पियानोत १८२१च्या एरार्डच्या शोधापासून दुहेरी सुटकेची यंत्रणा आहे. कळ पूर्ण वर न येताही हातोडी पुन्हा मारता येते. कळेची खोली साधारण १० मिलिमीटर. हातोडी तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर असताना सुटली पाहिजे. हे अंतर वाढलं तर मंद स्वर गळतात, कमी झालं तर हातोडी तारेला दुहेरी लागते. सोकोलोव्ह मैफलीआधी तंत्रज्ञाबरोबर तासन्‌तास बसतात ते याचसाठी. प्रत्येक कळ सारखी उत्तर देते की नाही हे आधी पक्कं झालं, तरच रात्री तो कंप तसा निघतो.

---

पुणेरी_पोलोनेझ

@कळपट्टी ताई, घरी डिजिटल पियानो असणाऱ्यांनी काय करावं? कंप घेताना स्वर गळतात.

---

कळपट्टी

वाद्याच्या माहितीपत्रकात कळेखाली किती संवेदक आहेत ते बघा. दोन संवेदकांच्या वाद्यात कळ बरीच वर आल्याशिवाय दुसरा ठोका नोंदलाच जात नाही, तुमची बोटं बरोबर असली तरी. तीन संवेदकांच्या वाद्यात ग्रँडसारखी अर्ध्यातून पुनरावृत्ती मिळते. साध्या उभ्या पियानोतही दुहेरी सुटका नसते, तिथेही तीच अडचण. अशा वाद्यावर कंपातले स्वर कमी करा, सहाऐवजी चार. गळका लांब कंप घेण्यापेक्षा नेटका छोटा बरा, आणि त्या काळच्या शैलीला तो चालतो.

शिवाय कूप्रँची 'ल तिक-तॉक-शॉक' घरच्या वाद्यावर अडते त्याचं कारण वेगळं आहे. ती दोन कळपट्ट्यांच्या हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेली. दोन्ही हात एकाच जागी, एकमेकांत घुसलेले. पियानोवर एकच कळपट्टी, त्यामुळे एका हाताने दाबलेली कळ दुसऱ्याने लगेच हवी असते. कुठला हात वर, कुठला खाली, हे मोजणीच्या प्रत्येक खणात (बारमध्ये) आधी पेन्सिलने लिहून ठेवावं. २००२च्या पॅरिसच्या चित्रफितीत हात अगदी जवळून दाखवलेत, ती थांबवत थांबवत बघा.

---

लयकारी

पॅरिसच्या त्याच मैफलीतला प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा लयीचं प्रेम असणाऱ्यांनी चुकवू नये. तिसरा भाग 'प्रेचिपितातो', सात-आठमध्ये, म्हणजे एका खणात सात मात्रा. सात म्हटलं की आपला हात आपोआप रूपकाला जातो, पण रूपक तीन-दोन-दोन. इथे विभागणी दोन-तीन-दोन आहे. रूपकाची टाळी धरून ऐकलं तर सगळं हुकल्यासारखं वाटतं. मधल्या तिघांवर वजन धरा, लगेच बसेल. आणि रूपकात समेवर खाली असते, इथे मात्र पहिल्या मात्रेला कुठलीही सूट नाही.

या सोनाट्याचं पहिलं वादन १९४३च्या जानेवारीत मॉस्कोत रिश्टर यांनी केलं, ऐन युद्धात. बरेच वादक हा भाग पळवतात. सोकोलोव्ह लय बांधून ठेवतात आणि शेवटच्या पानापर्यंत ताकद राखतात. त्या थोपवण्यात जो ताण आहे तो वेगातून येत नाही.

---

स्वल्पविराम

थोडा वेगळा सूर लावतो. या तुकड्यांच्या लोकप्रियतेने सोकोलोव्हचं चित्र वाकडं झालं आहे. तीन मिनिटांचा रामो आणि बाख-झिलोटीची बी मायनर प्रिल्यूड एवढंच लोकांना माहीत. त्या प्रिल्यूडबद्दलही बहुतेकांना हे माहीत नसतं की बाखची मूळ रचना ई मायनरमध्ये आहे. पियानोवादक झिलोटीने ती बी मायनरला नेली, पुनरावृत्ती घातली आणि दुसऱ्या फेरीत आतला स्वर पुढे आणायला सांगितला. दोन तासांच्या मैफलीनंतर शेवटी येते तेव्हा तिचा अर्थ निराळा असतो. भैरवी सकाळी चहाबरोबर तुकड्यात ऐकावी तसं हे चाललं आहे.

त्यांच्या एन्कोरलाही रचना असते. साल्झबुर्ग २००८मध्ये स्क्रियाबिनच्या दोन रचना, शोपँच्या दोन मझुर्का, मग रामो, आणि शेवट बाखच्या कोरालने. झगमगाट शेवटून दुसरा, शेवट शांत. व्हिडिओ सुचवणाऱ्या यंत्रणेला हा क्रम कळत नाही. ती रामोनंतर दुसऱ्याच कुणाचा रामो लावते.

---

शेवंती_ब

@स्वल्पविराम, पटलं, पण अर्धंच. तो तीन मिनिटांचा तुकडा नसता तर पुण्या-नागपुरात बसलेल्या माणसाला २००८च्या साल्झबुर्गपर्यंत जायची इच्छा झाली असती का? दार छोटं आहे म्हणून घराला दोष कशाला? आत आलेल्या माणसाला पुढच्या खोल्या दाखवणं हे आपलं काम. म्हणूनच हा धागा मोलाचा आहे.

---

स्वल्पविराम

मान्य. मग पुढची खोली दाखवतो: शोपँची २४ प्रिल्यूड, ओपस २८. क्रम लक्षात ठेवा: सी मेजर, त्याचा सापेक्ष ए मायनर, मग पंचमाने वर जी मेजर, ई मायनर, असं चोवीस स्वरांचं पूर्ण चक्र. शेवट डी मायनरमध्ये, खर्जातल्या तीन एकाकी डींनी. काही प्रिल्यूड अगदी चिमुकल्या आहेत. सातवी १६ मोजण्यांची (बारची), नववी १२, विसावी १३. सोकोलोव्ह त्या नेहमीपेक्षा संथ घेतात, काहींना ते जड वाटतं. पण संथपणा सुट्या प्रिल्यूडचा नाही. विसाव्या प्रिल्यूडची लय एकोणिसावी ऐकल्याशिवाय समजत नाही.

---

रीळ_ते_रीळ

आणि इथेच ॲपच्या सेटिंगांनी घात होतो. ओपस २८ ऐकण्याआधी तीन गोष्टी करा.

एक, क्रॉसफेड (एक तुकडा संपता संपता पुढचा त्यावर चढवणारी सोय) शून्यावर. पाच-सहा सेकंदांचा क्रॉसफेड असेल तर सातव्या प्रिल्यूडचा शेवट आठवीखाली गाडला जातो. दोन, शफल बंद. फुकटच्या खात्यात तो बंद होत नसेल तर सलग एका फितीत असलेली मैफल ऐका. तीन, आवाज समान करणारी सोय बंद. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास, 'लाउड' निवडलं तर उणे ११, आणि तिथे आवाज दाबणारा लिमिटरही येतो. मंद पियानोचं ध्वनिमुद्रण त्या पातळीला खेचताना नेमकी उंच टोकं चेपली जातात. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, पण लहान आवाज वर उचलत नाही. म्हणून तिथे पियानो जाहिरातीपेक्षा बराच लहान येतो. तो दोष समजू नका.

आवाज लावायचा तो सर्वांत मोठ्या जागी सहन होईल असा, आणि मग हात लावायचा नाही. सर्वांत मंद जागी ऐकू येत नाही म्हणून वाढवला की पुढे कानठळ्या बसतात. पंखा बंद करून ऐका, छताच्या पंख्याची घरघर त्यांच्या मंद स्वरांना सहज झाकते.

---

मंद्रसप्तक

अशा फिती अचानक नाहीशा का होतात? रामोला जाऊन अडीचशे वर्षांहून जास्त झाली, मग हक्क कुणाचा?

---

ओवी_आणि_ओपस

रचना आणि ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क. रामो, बाख, शोपँ सगळ्यांसाठी खुले. प्रोकोफिएव्ह १९५३ला गेले. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०१४पासून खुले, युरोपात ७० वर्षं, म्हणजे २०२४पासून. पण वाजवलेल्या ध्वनीचा हक्क वेगळा चालतो. भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाला ६० वर्षं, शिवाय कलाकाराचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षं. म्हणजे प्रेक्षकांतून टिपलेल्या फितीवर टिपणाऱ्याचा अधिकार नसतो, कलाकाराचा असतो.

उलटी चूकही होते. यंत्रणा ध्वनीचा ठसा जुळवते. एकच रचना, एकच वाद्य, जवळची लय असली की एखाद्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वादनावरही कंपनीचा दावा येतो. अशा वेळी हरकतीच्या अर्जात रचना खुली आहे एवढंच लिहून भागत नाही. वादन स्वतःचं आहे, कुठे आणि कधी केलं, हे स्पष्ट लिहावं लागतं.

---

पुणेरी_पोलोनेझ

इतर रशियन वादकांशी तुलना केली तर सोकोलोव्हचं वेगळेपण आणखी कळतं. होरोविट्झची २० एप्रिल १९८६ची मॉस्कोची मैफल घ्या. ६१ वर्षांनी मायदेशी परतलेला म्हातारा शूमनची 'ट्रॉयमेराय' वाजवतो आणि प्रेक्षकांत अश्रू. तिथे प्रसंग मोठा आहे. किस्सिन यांनी २७ मार्च १९८४ला, १२व्या वर्षी, शोपँचे दोन्ही कन्चेर्तो वाजवले. मालोफेएव्ह २०१४ला बाल-चायकोव्हस्की स्पर्धा जिंकले तेही १२व्या वर्षी. तिथे वयाचं नवल आहे. त्रिफोनोव्ह २०११च्या स्पर्धेतून पुढे आले, आणि ती स्पर्धा जगाने थेट प्रक्षेपणातून घरबसल्या पाहिली. सोकोलोव्हच्या फितींत ना प्रसंग, ना वय, ना स्पर्धा. टाळ्यांना मान लववून आत जाणारा माणूस, बस्स.

---

लयकारी

आपल्याकडे जवळचं उदाहरण म्हणून अन्नपूर्णादेवींचं नाव घेतलं जातं. मुंबईत राहूनही त्यांनी अनेक दशकं जाहीर वादन केलं नाही, आणि जी मोजकी ध्वनिमुद्रणं उरली ती रसिकांनी जिवापाड जपली. पण मला ही तुलना पूर्ण लागू वाटत नाही. त्यांनी श्रोत्यांपासूनच स्वतःला दूर ठेवलं. सोकोलोव्ह वर्षभर श्रोत्यांसमोर असतात, त्यांना नको आहे ते श्रोत्यांविना वाजवणं. त्यामुळे खाजगी बैठकींच्या ध्वनिफिती हातोहात नेणारी आपली मंडळी त्यांना जास्त जवळची. खोकला, वाहवा, दाराची करकर यांच्यासकट ऐकायची सवय आपल्या कानांना आधीपासून आहे.

---

मंद्रसप्तक

एक शेवटची शंका. "सोकोलोव्ह, शोपँ, वॉल्ट्झ ई मायनर" अशा नावाची एक फीत आहे. शोपँच्या वॉल्ट्झच्या यादीत ई मायनरचा एकच आहे, पण ही चाल त्याच्याशी जुळत नाही. दोन मिनिटांच्या आसपासची, अगदी साधी, उदास.

---

ओवी_आणि_ओपस

ती शोपँची नाहीच. अलेक्सांद्र ग्रिबोयेदोव्ह यांची आहे, रशियन नाटककार आणि मुत्सद्दी, १८२९ला तेहरानमध्ये जमावाने मारले गेले ते. त्यांचे दोनच वॉल्ट्झ प्रसिद्ध आहेत, त्यातला हा ई मायनरचा सोकोलोव्ह एन्कोरला वाजवतात. ओळखायची खूण: शोपँचा ई मायनर खालून वर धावत जाणाऱ्या सुट्या स्वरांनी सुरू होतो, आठ मोजण्यांनंतर चाल येते. ग्रिबोयेदोव्हचा थेट चालीनेच सुरू होतो, डाव्या हातात नुसतं एक-दोन-तीन.

---

मंद्रसप्तक

जुळलं. थेट चालीनेच सुरू होते. तानपुरा पांढरी तीनला लावून पाहिला, वेगही बरोबर आहे. फितीखाली रचनाकाराचं नाव दुरुस्त करायला लिहून ठेवलं आहे.